पासलीच्या जीपच्या टाकीतलं पाणी

तुमचं पोट दुखतंय आणि समोरचा माणूस तुमच्या पायाला तेल चोळत बसलाय, असं कधी तुमच्या वाट्याला आलंय का? आपल्याला सांगता येत नाही आणि तो बिचारा मनापासून चोळतोय. यंदाचा सगळा पावसाळा मी हेच सोसलं.

मी पासलीच्या सिद्धनाथांची जीप बोलतेय. डिझेलवर चालणारी, हिरवी, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. हिरवी म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. आता दारांखाली गंज चढलाय, आणि ताडपत्रीला सिद्धनाथांच्या बायकोने, मंगलबाईंनी, दाभणाने इतके टाके घातलेत की मूळ कापड कुठलं ते मलाही सांगता यायचं नाही.

माझी पहिली नोकरी भोरच्या एका कचेरीत झाली. साहेब पुढे बसायचे, फायली मागे बसायच्या. कचेरीला नवी गाडी आली तसा माझा लिलाव झाला आणि मी राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या एका माणसाकडे गेले. तिथे शनिवार-रविवार गड चढायला येणारी शहरातली मुलं मला भाड्याने घेत. जाताना गाणी म्हणत, येताना एकमेकांच्या खांद्यावर झोपत, आणि बाकाखाली चिखल ठेवून जात. वाईट नव्हती ती मुलं. पण बाकी आठवडाभर मी कोणाची नव्हते.

सिद्धनाथांकडे आले तेव्हा मात्र मी घरातली झाले. सकाळी गावातल्या दुधाच्या किटल्या घेऊन वेल्ह्याला जायचं, येताना बाजारची माणसं आणायची, हा आमचा नेम. वाटेत कोणी हात दाखवला की थांबायचं. तापाने फणफणलेलं पोर, माहेरी निघालेली लेक, खताची पोती, सगळं त्याच बाकांवरून गेलंय. दसऱ्याला मंगलबाई मला धुऊन हळदकुंकू लावतात आणि झेंडूचा हार घालतात. एवढा मान मला कचेरीत मिळाला नाही.

आता दुखण्याचं सांगते.

आमच्या डोंगरात पंप जवळ नाही. म्हणून सिद्धनाथ एक काळा कॅन बाळगतात. वेल्ह्याला गेले की तो भरून आणतात आणि घरी माझ्या टाकीत ओततात. शेजारी त्यांच्या चुलती आक्काबाई राहतात, मुलगा बाजीबरोबर. इतकी वर्षं त्यांच्या भातखाचरांची चिखलणी बैलांवर व्हायची. यंदा बाजीने पॉवर टिलर घेतला, तेव्हा डिझेल आणायला हाच कॅन तिकडे जायला लागला. काम झालं की आक्काबाई तो परत आणून ओट्यावर ठेवत.

आक्काबाई जुन्या वळणाच्या. कोणाचं भांडं मोकळं परत करायचं नाही, हा त्यांचा नेम. ताक नेलं तर तांब्यात चार दाणे घालून देतील. दुधाची किटली परत करताना तळाशी थोडं पाणी ठेवतील. रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं, असं त्या मानतात. मी दोन घरांच्या मधल्या अंगणात उभी असते, म्हणून मी पाहिलं. पहिल्याच खेपेला त्यांनी कॅन बाहेरून पदराने पुसला, झाकण काढलं, तांब्याभर पाणी आत ओतलं आणि हात जोडल्यासारखं करून तो आमच्या ओट्यावर ठेवला.

कॅन काळा, आतलं दिसत नाही. सिद्धनाथांनी तसाच पंपावर नेला, भरला आणि माझ्यात रिकामा केला.

पाणी डिझेलपेक्षा जड असतं. ते गुपचूप टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. सपाटीला मला काही जाणवत नाही. चढ लागला, गाडी हिंदकळली, की ते सरकत नळीच्या तोंडाशी येतं. मग माझा श्वास अडकतो, मागून पांढरा धूर येतो, दोन आचके बसतात आणि मी बंद पडते. नेमकी वळणावर, नेमकी माणसं भरलेली असताना.

पहिल्यांदा बंद पडले तेव्हा सगळे उतरून ढकलायला लागले. बाजीसुद्धा होता.

“नाना, गाडीला चा पाजा चा,” तो सिद्धनाथांना म्हणाला. “पावसाची गारठली आसंल.”

दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची बदलली. मंगलबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मग वेल्ह्याहून बंडू मिस्त्री आला. त्याने फिल्टर उघडला आणि मला वाटलं, सुटले.

“पानी हाय हिच्यात,” तो म्हणाला. “पंपावरचंच डिझेल खराब दिसतंय, नाना.”

झालं. पाणी सापडलं, पण पाणी घालणारा हात सापडला नाही. बंडूने टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला आणि मी तीन-चार दिवस सुरळीत चालले. सिद्धनाथ डिझेल आणायला थेट नसरापूरपर्यंत जाऊ लागले. पण कॅन तोच. तो शेजारी जाऊन यायचा, तांब्याभर पाणी घेऊन यायचा आणि माझ्यात उतरायचा.

मग पावसावर संशय आला. माझ्या टाकीच्या झाकणाला प्लास्टिकची पिशवी बांधली. तिच्यावर दुसरी बांधली. मला अंगणातून हलवून गोठ्यात, म्हशीशेजारी उभं केलं. म्हैस रात्रभर माझ्या आरशाला शिंग घासायची. इतकं करून पुन्हा चढावर मी आचके दिलेच, तसं मला परत अंगणात आणलं. तुम्हाला सांगते, ओरडावंसं वाटायचं. हॉर्न तेवढा माझ्याकडे आहे, पण तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

शेवटी बंडूही वैतागला. “नाना, टाकीच सडलीया आतनं. ह्या गाडीची टाकी आता मिळायची न्हाई. किती दीस तिच्या नादी लागायचं?”

तोवर लोकांचं दूध नासायला लागलं होतं. कोणी भांडलं नाही. फक्त एकेका घराची किटली सार्थकच्या नव्या टेम्पोत दिसू लागली. सार्थक पलीकडच्या वाडीतला, चांगला मुलगा. सिद्धनाथ दिसले की मान खाली घालायचा. त्याचंच सिद्धनाथांना जास्त लागायचं.

रविवारी त्यांचा मुलगा कुमार आला. तो हायवेच्या कडेला शिवऱ्याला नोकरी करतो. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि टायरला लाथ घातली. माणसं टायरला लाथ का घालतात, हे मला अजून कळलेलं नाही.

“आबा, आता बास झालं,” तो म्हणाला. “मानसिंग भंगारवाल्याला मी बोललोय. मंगळवारी सकाळी टेम्पो लावून घिऊन जाईल. आन् आमच्या शेजारच्या गोडाऊनला वाचमन पायजे. खुर्चीत बसायचं काम हाय.”

“खुर्चीत बसून काय करू?” सिद्धनाथांनी विचारलं.

“फाटक उघडायचं, फाटक लावायचं.”

“आन् हितलं भात?”

“बाजीला लावा वाट्यानं.”

मंगलबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, “मी न्हाई यायची शिवऱ्याला. त्यास्नी एकट्यास्नी न्ये.”

सिद्धनाथांनी माझ्या टायरवरचा चिखल हाताने पुसला. मग “बरं” म्हणाले. त्या एका शब्दात मी गेले, आणि तेही पासलीतून गेले.

सोमवारी दुपारी ते माझ्यातलं सामान काढत होते. पान्हे, दोरी, काचेसमोरचा देवाचा फोटो, सीटखालचं घोंगडं. झिमझिम चालू होती. तेवढ्यात आक्काबाई आल्या, काखेला कॅन. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि आत काहीतरी डुबुक वाजलं.

“काकी, ह्यात डिझेल ऱ्हायलंय व्हय?”

“डिझेल कुठलं ऱ्हातंय. पानी हाय त्ये.”

सिद्धनाथांच्या हातातला फोटो हातातच राहिला. “पानी कशाला?”

“मग काय मोकळा आणून ठिवू तुज्या दारात?” आक्काबाईंनी डोळे वटारले. “तुज्या चुलत्यानं कदी कुणाचं भांडं मोकळं धाडलं न्हाई. तांब्याभर घालती मी दर डावाला.”

“दर डावाला?”

“व्हय. कदी चुकली न्हाई.”

मंगलबाई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. “अवं आत्याबाई, त्यो डिझेलचा क्यान हाय.”

“मग? भांडं न्हाई का त्यो?”

सिद्धनाथ माझ्या पुढच्या बंपरवर मटकन बसले. मला वाटलं, आता हे चिडतील. मी तर किती दिवस चिडून बसले होते. पण ते आक्काबाईंकडे नुसते बघत राहिले. ज्या बाईने लहानपणी त्यांना आंघोळ घातली, तिला काय बोलणार?

त्यांचं तोंड बघूनच आक्काबाईंना काहीतरी समजलं. त्या माझ्याकडे वळल्या. “म्हंजी... ही माज्यामुळं चालली भंगारात?”

“न्हाई काकी. ओतताना मी बघाया पायजे हुतं. मी बघितलं न्हाई.”

“तू मला शिव्या दे, सिदू.”

“आदी पान्हा द्या. त्यो तितला, बारका.”

ते चिखलात उताणे माझ्याखाली शिरले. टाकीच्या तळाचा नट ढिला केला आणि खाली काचेची बाटली धरली. माझ्या पोटातून जे उतरलं ते बाटलीत दोन थरांत बसलं. वर डिझेल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये सरळ रेघ. आक्काबाईंनी बाटली हातात घेऊन उजेडाला धरली. खूप वेळ धरली. मग पदर तोंडाला लावून ओट्याच्या कडेला बसल्या.

सिद्धनाथांनी टाकी पुरती रिकामी केली, नळ्या फुंकल्या, बंडूने ठेवलेला नवा फिल्टर बसवला. मंगलबाईंनी जुन्या लुगड्याचा धडपा आणून कॅन आतून कोरडा केला. बाजीकडे टिलरसाठी आणलेलं बाटलीतलं डिझेल होतं, ते त्याने गुपचूप आणून दिलं. इंजिनाजवळचा बारका हातपंप मारमारून सिद्धनाथांनी नळ्यांतली हवा काढली आणि चावी फिरवली.

मी सुरू झाले नाही. पाणी नव्हतं हो आता, पण इतक्या दिवसांच्या खटपटीत बॅटरीच उतरली होती. दोनदा कण्हले आणि गप्प झाले. माझ्यावर माझाच इतका राग कधी आला नव्हता.

दिवेलागणीला कुमारचा फोन आला. मानसिंग सकाळी निघतोय, कागद काढून ठेवा म्हणाला. सिद्धनाथ म्हणाले, “येऊ दे.” येऊ दे म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मंगलबाईंनाही कळलं नसावं.

तुमच्या दारात माझ्यासारखी जुनी गाडी असेल, तर एवढं करा. ती आचके द्यायला लागली की तिला लाथ घालू नका, लिंबूही बदलू नका. टाकीच्या तळाचा नट उघडा आणि काचेच्या बाटलीत बघा. पाणी दिसलं तर ते काढून समाधान मानू नका. ते कोणाच्या हातून येतंय तेही शोधा. तो हात बहुतेक घरातलाच असेल आणि त्याने तुमचं भलंच चिंतलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीने आणि मंगलबाईंनी मला उतारापर्यंत ढकललं आणि मी सुरू झाले. मागे दुधाच्या दोनच किटल्या होत्या, आणि त्यांना धरून आक्काबाई बसल्या होत्या. खिंडीच्या वळणावर मानसिंगचा टेम्पो समोरून आला. सिद्धनाथांनी त्याला हात केला, पण मला थांबवलं नाही.