पद्मानं कानडीत काय सांगितलं

लोकसभेच्या मतदानाला पंधरा दिवस उरले आणि पक्षाचा प्रचार करणाऱ्या इंद्रजितला पद्मा आठवली. पद्मा कुंडल गावात ब्लाऊज शिवायची. माहेर जत तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. कानडी तिला मराठीच्या आधी आली.

"वहिनी, तुमच्या माहेरच्या बाया मराठी भाषण ऐकत्यात, पन हलत न्हाईत. आमचे उमेदवार बोलतील, तुमी कानडीत सांगायचं. एवढंच काम."

माहेरी जायला मिळतंय म्हणून ती कबूल झाली.

माहेरच्या गावात देवळापुढं मांडव होता. उमेदवार धैर्यशीलराव पहिल्यांदाच उभे राहिले होते. ते म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कालव्याचं पाणी तुमच्या शिवारात येईल." पद्मानं कानडीत सांगितलं. टाळी पडली नाही. पुढं बसलेली मल्लव्वा, पद्माच्या आईची मैत्रीण, कानडीतच म्हणाली, "हे त्यांचं झालं. तू आमची लेक. तू सांग, येईल का?"

"व्हय म्हणा, वहिनी," इंद्रजित बाजूनं कुजबुजला.

पद्माच्या तोंडातून तो शब्द निघेना. मांडव संध्याकाळी उठणार होता; मल्लव्वाच्या दारात तिला दर दिवाळीला जायचं होतं. ती उमेदवाराकडं वळली. "साहेब, त्या विचारतायत, नक्की येईल का?"

इंद्रजितनं माईककडं हात नेला. धैर्यशीलरावांनी तो अडवला. मग म्हणाले, "सांगा त्यांना, तारीख मला माहीत नाही. लिहून दिलं तेच बोललो. काम अजून मंजूरच व्हायचंय."

पद्मानं शब्दन्‌शब्द सांगितला. एकदम गलका उठला. मंजुरी कुठं अडली? कागद कुणाकडं आहे? बायका उठून उठून विचारू लागल्या, पद्मा इकडचं तिकडं करत राहिली. अर्ध्या तासाची सभा दोन तास चालली.

"तुमी आमचं वाटोळं केलंसा," परतताना इंद्रजित एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या सभेला न्यायला गाडी आली नाही.

दोन दिवसांनी समोरच्या पक्षाचा फोन आला. "तुमी लय झ्याक सांगता म्हणं. आमच्या सभेला येतासा का?"

"येते की. पन बाया जे विचारतील ते बी सांगणार."

"इचारून कळवतो," म्हणत त्यानं फोन ठेवला. पुन्हा काही केला नाही.

धैर्यशीलराव पडले. त्या गावात मात्र त्यांना समोरच्यापेक्षा अकरा मतं जास्त मिळाली, असं मल्लव्वानं फोनवर सांगितलं.

"आणि पाणी?" पद्मानं विचारलं.

"पाणी कुठलं! पण काल आम्ही चाळीसजणी तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसलो. तिथल्या साहेबाला कानडी येईना. पुढच्या सोमवारी तू ये."