मिठाला एकच हात

आत्याने कारखान्याच्या कँटीनमध्ये उभं आयुष्य काढलं, आणि उभं म्हणजे खरोखरच उभं. तिला बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं वाढून झालं की भिंतीला पाठ टेकून चार घास पोटात ढकलायचे आणि पुन्हा शेगडीपाशी जायचं, असा तिचा खाक्या. शेवटी गुडघ्यांनीच संप पुकारला. डॉक्टरांनी बसायला सांगितलं. बसते की, असं म्हणून ती लगेच उठली आणि कामाला गेली.

आता कँटीन सोपवायचं कुणाकडे? भाची होती. तिला सगळे धाकटी म्हणत, पण धाकटीच्याही कानशिलांवर आता पांढरे केस आले होते. चिरणं, परतणं, उकळणं सगळं तिच्याच हातचं. घोडं पेंड खात होतं ते मिठापाशी. फार पूर्वी एकदा दोघींनीही एकाच पातेल्यात मीठ घातलं आणि कामगार दिवसभर नळाला तोंड लावून बसले. तेव्हापासून आत्याचा कायदा झाला: मिठाला एकच हात. मिठाचा निळा पत्र्याचा डबा तिच्या पिशवीत असायचा. पातेलं तयार झालं की धाकटीने हात पुसून बाजूला व्हायचं. मग आत्या यायची, डोळे मिटून चाखायची, मीठ घालायची. इतक्या वर्षांत धाकटीने शिजवलं डोंगराएवढं, पण आपल्या हाताने मीठ कधी घातलं नाही. आणि ज्याच्या हाती मीठ, त्याचं स्वयंपाकघर, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

समुद्रकाठच्या गावात खाद्यमहोत्सव भरणार होता. तिथे खानावळी आणि कँटीनवाल्यांची स्पर्धा होती. सगळ्यांना सारखं पातेलं, लोकांनी फुकट खायचं, आणि ज्याचं पातेलं आधी रिकामं होईल त्याने धक्क्यावरची घंटा वाजवायची. धाकटीने आत्याला न विचारता नाव देऊन टाकलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आत्याने कांदा चिरता चिरता ऐकून घेतलं.

"पातेलं तू एकटीने रिकामं करून दाखव," ती म्हणाली. "मी पाहुणी म्हणून येईन आणि बाकावरून उठणार नाही. जमलं तर सोमवारपासून कँटीन तुझं. नाहीतर गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, मी आहेच."

आत्या बसून राहणार, यावर कँटीनमधल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही.

पण बसली बाई. कारखान्याच्या गाडीतून उतरली ती सरळ धाकटीच्या टेबलासमोरच्या बाकावर, पिशवी मांडीवर. वारा सुटला होता, तंबूंची कापडं फडफडत होती आणि सगळ्या धक्क्यावर तळणाचा वास पसरला होता. शेजारच्या टेबलावर वसतिगृहाचा आचारी होता, झुडपासारख्या मिशांचा, त्याचं वाटाण्याचं सूप. धाकटीने मासळी आणि बटाट्यांचं केलं. कांदा मऊ झाला, बटाटा सुरीला अडेनासा झाला, मासळी अलगद सुटली. सगळं मनासारखं. आत्याचे हात नुसते शिवशिवत होते, म्हणून ती ते पिशवीखाली दाबून बसली होती.

पातेलं तयार झालं. धाकटीने हात पुसले आणि सवयीने बाजूला झाली. क्षणभर थांबली. कुणी आलं नाही. तेवढ्यात शिट्टी झाली, रांग पुढे सरकली आणि ती वाढायला लागली.

पहिल्या माणसाने घोट घेतला आणि धाकटीकडे असं पाहिलं, जसं लोक आजारी माणसाकडे पाहतात. दुसरीने वाडगा हळूच टेबलाखालच्या बादलीत रिता केला. तिसरा रांग सोडून मिशाळाकडे गेला. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. कधी नव्हे ते तिने स्वतः चमचाभर घेऊन पाहिलं. सूप ठार अळणी होतं. समोर क्षितिजापर्यंत खारं पाणी आणि हिच्या पातेल्यात मिठाचा कण नाही! शोधायला गेली तर सामानातही नव्हतं, कारण मीठ सामानात कधी नसायचंच.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्याला कळलं होतं. रांग सोडून जाणाऱ्या माणसाची पाठ तिने लांबून ओळखली असती. निळा डबा पिशवीत असणार, हेही धाकटीला माहीत होतं. ती एक पाऊल पुढे गेली आणि थबकली. डबा मागितला की डब्याबरोबर हातही येणार होता.

ती वळली आणि शेजारी गेली.

"काका, मीठ द्या," ती म्हणाली. "माझं विसरलं."

मिशाळाने आधी तिच्याकडे, मग तिच्या तुटलेल्या रांगेकडे पाहिलं. हरली असती तर त्याचंच भलं होतं. पण आचाऱ्याला अळणी पातेलं बघवत नाही. त्याने अख्खी बरणी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला की थोडं थोडं घाल, घातलेलं काढता येत नाही.

धाकटीने थोडं घातलं, ढवळलं, चाखलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा चाखलं तेव्हा मासळीला चव आली, बटाटा गोड लागला, आणि तिला रडूच यायला लागलं. पण रडायला वेळ कुठे होता? तिने पदर खोचला आणि निघून गेलेल्या लोकांना मोठ्याने हाक मारली.

"परत या! मघाचं झालंच नव्हतं. आत्ता झालंय."

लोक हसले, आणि हसता हसता परत आले. पहिला माणूस घोट घेऊन, वाडगा रिकामा करून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मग बघता बघता रांग तंबूला वळसा घालून मासळीच्या होड्यांपर्यंत गेली. धाकटीचा हात थांबेना. मिशाळ स्वतःचं वाढता वाढता मान उंच करून तिच्या पातेल्यात डोकावत होता.

तळाशी एक वाडगा उरला, तेव्हा समोर आत्या उभी होती. रांगेतून आली होती, सगळ्यांसारखी, दोन्ही हात पुढे करून. धाकटीने पातेलं तिरकं करून तिला शेवटचा थेंब वाढला. आत्या बाकाकडे परत गेली, बसली, आणि गरम गरम सूप, डोळे मिटून, सावकाश, सगळंच्या सगळं प्यायली.

"अजून आहे का?" तिने विचारलं.

"संपलं."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? घंटा कोण वाजवणार, मी?"

धाकटी धावली. घंटा तिने अशी बडवली की होड्यांवरचे पक्षी उडाले आणि मिशाळाने कानांवर हात ठेवून, हसत, मान हलवली.

परत आली तेव्हा बाकावर, आत्याच्या शेजारी, निळा डबा ठेवलेला होता.

"सगळा वेळ मांडीवर होता," आत्या म्हणाली. "मागितला असतास तर उठले असते. मीठ मीच घातलं असतं, आणि मरेपर्यंत मीच घालत राहिले असते." तिने डबा धाकटीकडे सरकवला. "धर. सोमवारी मला बाहेरच्या टेबलावर वाढ. खिडकीजवळच्या."

संध्याकाळी गाडी आली, सामान चढलं, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. आत्या समुद्राकडे तोंड करून बाकावर बसून होती, आणि तिला उठायची अजिबात घाई नव्हती.