क्रो पॉइंटचं जाळं

लेनोराने संगणकाच्या पडद्यावर अंगठा ठेवून माशांच्या आलेखातली एक रेषा झाकली. बाकीच्या सगळ्या रेषा उतरणीला लागलेल्या. अंगठा उचलला, की त्यांच्या खाडीची तेवढी सरळ, टेबलाच्या कडेसारखी.

समोर तिचा बाप ॲम्ब्रोज पावावर काकवी ओतत होता.

समुद्रात मासा किती उरला, हे जाळ्यात आलेल्या माशांवरून कसं ताडायचं, ते ती सेंट जॉन्स शहरातल्या विद्यापीठात शिकत होती. यंदा पहिल्यांदाच मत्स्य खात्याने तिच्या हाती खरे आकडे दिले होते आणि नेमकी घरचीच खाडी वाट्याला आली होती. खात्याची रीत साधी होती. दर खाडीत एका कोळ्याला जागा ठरवून द्यायची. मासा असो-नसो, उन्हाळाभर त्याने जाळं तिथेच टाकायचं आणि जे येईल ते कळवायचं. कॉडची मासेमारी चालू ठेवायची की बंद, हे त्या आकड्यांवरून ठरत असे. इथली जागा होती क्रो पॉइंट. कोळी, ॲम्ब्रोज.

शेजारचा हबर्ट नेहमीसारखा दार न वाजवता आत आला.

"काय गं पोरी, सापडला का मासा त्या डब्यात? सापडला तर टाक तळायला. जेवूनच जातो."

"क्रो पॉइंटला भरपूर सापडतोय, काका."

"क्रो पॉइंटला?" हबर्ट खो खो हसला. "तिथे हल्ली खेकडासुद्धा वाट चुकूनच येतो!"

मग त्याने ॲम्ब्रोजकडे पाहिलं. चहा न घेताच टोपी घालून तो निघून गेला.

ॲम्ब्रोज बराच वेळ काकवीच्या डब्याचं झाकण फिरवत राहिला.

"बाबा, जाळं कुठे टाकत होतास?"

"मासा असतो तिथे. आतल्या खडकांपाशी. आणखी कुठे टाकणार?"

"पण जागा ठरवून दिली होती ना?"

"रोज रिकामं जाळं घेऊन आलो असतो, तर धक्क्यावरची पोरं काय म्हणाली असती? म्हातारा मासे धरायचं विसरला म्हणाली असती." त्याने आवाज खाली आणला. "शिवाय मला वाटलं, तुमच्या खात्याला मासाच हवाय."

"मासा कमी झाला की उरलेला एका जागी गोळा होतो, बाबा. म्हणून तुझं जाळं भरतं."

ॲम्ब्रोजचा हात झाकणावर थांबला.

"तुझ्या आजोबांच्या वेळी असंच झालं होतं," तो म्हणाला. "जाळी फाटेस्तोवर मासा. आणि मग काही नाही."

"हं."

"ही रेषा काढून टाकलीस तर?"

"मासेमारी बंद होईल."

"आणि ठेवलीस तर?"

लेनोराने बाहेर पाहिलं. खिडकीतून धक्का दिसत होता. हबर्टच्या मुलाने नवी बोट रंगवायला काढली होती. अर्धी हिरवी झाली होती. ॲम्ब्रोजने ती पाहिली. मग बोटांना काकवी लागलेली असतानाच त्याने संगणक हळूच तिच्याकडे सरकवला.

तिने रेषा काढून टाकली.

संध्याकाळी तो जाळं उचलून निघाला. तीही न विचारता होडीत बसली. क्रो पॉइंटला, ठरल्या जागी, दोघांनी जाळं सोडलं आणि सकाळी धुक्यात ते ओढायला परत आली. पहिल्या हिसक्यालाच त्याला वजनावरून कळलं असावं. तरी तो ओढत राहिला. दोर संपला, जाळं संपलं, शेवटचा बोया होडीत आला, तरी त्याचे हात थोडा वेळ तसेच मागे-पुढे होत राहिले.

"अशा वेळी काय करता तुम्ही लोक?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं. "रकाना कोरा सोडता?"

"नाही बाबा. शून्य लिहायचं. कोरा सोडला तर जाळं टाकलंच नव्हतं असं धरतात."

जाळ्यात शेवाळ अडकलं होतं. मासा सोडवावा तसं जपून त्याने ते सोडवलं आणि पाण्यात टाकलं.

"मग लिही शून्य," तो म्हणाला. "आलो होतो आपण."