भट्टीतला डबा

रविकांतचा मृतदेह शेवगावात, त्याच्याच मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सापडला. शवविच्छेदनात पोटात विष निघाले. मृत्यूची बातमी घरी आली तेव्हा त्याची बायको दिपाली हिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "त्यांनी डबा खाल्ला हुता का?"

ते ऐकणारी एकटी सासू, सुनीतीबाई. फौजदारांनी विचारले आणि त्यांनी खरे तेच सांगितले. तेवढ्यावर दिपालीला अटक झाली. दुकानात डबा कुठेच नव्हता. तो तिनेच नाहीसा केला, असे जो तो म्हणू लागला.

शेजारची सुकन्या तर वकीलच झाली. "सरळ हाय की बाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, पोर न्हाई. टोमणे खाऊन खाऊन बाई आतून इखारी हुती."

"टोमणे मारत कोण होतं गं, सुकन्या?" सुनीतीबाईंनी विचारले.

सुकन्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

सुनीतीबाईंच्याही मनात संशयाचा काटा सलत होताच. गेलेला पोटचा गोळा होता. पण रविकांतचा राग लहानपणापासून अन्नावर निघे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? भांडण झाले की ताट जसेच्या तसे. त्या सकाळीही नवराबायकोत वाजले होते. डबा रिकामा परत आला की भांडण मिटले. भरलेला आला की अबोला लांबला. एवढीच त्या घरातली रीत. मग दिपालीने दुसरे विचारावे तरी काय? परंतु सासूची समजूत म्हणजे काही पुरावा नव्हे.

विचार करता करता त्यांना परत आलेल्या रिकाम्या डब्याला येणारा वार्निशचा वास आठवला. नव्याने तार गुंडाळलेल्या मोटारी वार्निश लावून ज्या भट्टीत वाळवत, तिच्यातच रविकांत जेवण गरम करी. पोलिसांनी भट्टी उघडलीच नसणार. पण डबा तिथे रिकामा निघाला तर? मग सुनेच्या गळ्याला फास आपल्याच हाताने. सुनीतीबाई बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या. मग चपला घालून ठाण्यात गेल्या.

भट्टीत डबा होता. भाकरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"म्हणजे विष दुसरीकडून आलं," फौजदार म्हणाले. "त्या दिवशी दुकानात कोण कोण येऊन गेलं, ते आता बघावं लागेल."

सुनीतीबाईंना दिपालीला भेटायची परवानगी मिळाली.

"आई, डबा घावला म्हनं?"

"सापडला."

"खाल्ला हुता?"

तिला सोडवणारा डबा भरलेला होता, आणि तिला तो रिकामा हवा होता.

"नाही गं."

दिपाली भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजी रागातच गेले."

"वेडी आहेस. रागावलेला रवी डब्याकडे ढुंकून तरी बघायचा का? त्यानं गरम करायला ठेवला होता तो."

दिपालीने मान वर केली.

"गार भाकरी चालायची न्हाई त्यांला," ती म्हणाली.

"नाहीच चालायची," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.