भार्गवीच्या सहा पिशव्या

कोविडच्या तापातून भार्गवी उठली, पण तिची वास घ्यायची शक्ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, महिना-दोन महिन्यांत येईल. चार वर्षं झाली. मीठ, तिखट, आंबट, गोड जिभेला कळायचं, बाकी सगळं जेवण एका रंगाचं.

त्याआधी माधव नगरच्या मराठी मंडळात जानेवारीतलं सहभोजन म्हटलं की स्वयंपाकाची सूत्रं भार्गवीकडे असायची. तापानंतरच्या पहिल्याच वर्षी बासुंदी खाली लागली. करपल्याचा वास साऱ्या हॉलभर पसरला, एकटी तीच शांतपणे ढवळत राहिली. पुढच्या वर्षी मंडळातल्या प्राजक्ताने येऊन तिच्या हातातला झारा हळूच काढून घेतला आणि ती म्हणाली, "भार्गवीताई, तुम्ही आता आरामात बसा हो. आम्ही आहोत ना."

बसा म्हटलेलं तिला बासुंदीपेक्षा जास्त लागलं.

घरीही तेच. नानाखेड्याच्या त्यांच्या घरात दूध उतू जायच्या आधी नवरा शैलेंद्र धावत यायचा, उरलेली आमटी वाढण्याआधी वाटी नाकाला लावायचा. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण बावन्न वर्षांच्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात दर वेळी परवानगी घ्यावी लागत होती.

ऑक्टोबरात तिने मशरूम लागवडीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. ऑयस्टर मशरूम, तिथले सर त्याला ढिंगरी म्हणत. सगळं तिला पटकन समजलं. भूस भिजवायचं, गरम पाण्यात तापवून त्यातले जंतू मारायचे, निथळून पिशवीत थर द्यायचे, मध्ये मध्ये बीज पेरायचं, म्हणजे मशरूमच्या पांढऱ्या धाग्यांनी भरलेले गव्हाचे दाणे. मग अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. शेवटी सर म्हणाले, "अच्छी थैली की ख़ुशबू ताज़ी होती है. खट्टी बास आए, तो बिना सोचे फेंक देना."

भार्गवीने हात वर केला. "सर, और जिसे गंध ही न आती हो?"

सगळे हसले. सरांनाही ती गंमत वाटली. "तो घर में कोई नाक वाला रख लीजिए!"

नाकवाला घरात होताच. शैलेंद्रला मशरूम मुळीच आवडत नसत, तरी तो तयार झाला. "मी रोज वास घेईन, पण खाणार नाही हं. बिल्कुल नाही."

मुलगा सुमीत पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. तिथे भार्गवीने दोऱ्या बांधल्या आणि दहा पिशव्या टांगल्या. चार पिशव्यांत गव्हाचं भूस होतं. तेवढ्यात ते संपलं, म्हणून उरलेल्या सहा पिशव्यांत तिने सोयाबीनचं भूस भरलं. देवास रोडवरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने ते पोतंभर आणून दिलं होतं.

रोज संध्याकाळी शैलेंद्र ऑफिसमधून आला की चहाच्या आधी पिशव्यांची हजेरी घ्यायचा. अकराव्या दिवशी तो खोलीतून तोंड वाकडं करून बाहेर आला.

"भार्गवी, त्या सहा गेल्या."

"कोणत्या?"

"सोयाबीनच्या. वास बघ ना..." तो थांबला. "म्हणजे, फार उग्र आहे. कुबट. आत्ताच फेकू या, नाहीतर बाकीच्या चारही जातील."

भार्गवी आत गेली. तिने एकेक पिशवी दोन्ही हातांत धरली. बोटांनी चहूबाजूंनी दाबली. पिशवी घट्ट होती, विटेसारखी. तळाशी पाणी साचलेलं नव्हतं. प्लास्टिकमागे पांढरे धागे सायीसारखे पसरले होते, कुठे हिरवा ठिपका नाही, पिवळं पाणी नाही. मग तिने गव्हाच्या चार पिशव्या चाचपल्या. त्यातली एक खालच्या बाजूला मऊ लागली. पिकलेल्या पेरूसारखी. हातालाही जरा कोमट.

"ही खराब होतेय," ती म्हणाली. "त्या सहा चांगल्या आहेत."

"अगं, ह्या पिशवीला तर एकदम बढिया वास आहे!"

"असेल."

"भार्गवी, तुला..." पुन्हा तो थांबला. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "अहो, मला वास येत नाही हे मला माहीत आहे. चार वर्षं रोज माहीत आहे. पण हात माझे शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत. तुम्ही सोयाबीनचं भूस कधी हुंगलंय का? त्याचा वासच उग्र असेल. त्या सहा पिशव्या मी फेकणार नाही."

शैलेंद्रने पुन्हा त्या सहा पिशव्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "निदान वेगळ्या तरी ठेव."

तेवढं तिने ऐकलं. सहा पिशव्या मागच्या मोरीत नेऊन टांगल्या, दाराला ओलं पोतं लावलं, दिवसातून चारदा पाण्याचा फवारा मारू लागली. त्या दिवसापासून तिने त्याला हुंगायला बोलावलं नाही. तोही गेला नाही.

पाचव्या दिवशी सुमीतच्या खोलीतली ती मऊ पिशवी तळापासून हिरवी पडली. शैलेंद्रने स्वतः ती उचलून बाहेर नेली आणि परत येऊन हात धुतले.

मोरीतल्या पिशव्या मात्र पूर्ण पांढऱ्या झाल्या. भार्गवीने ब्लेडने त्यांना छेद दिले. चार दिवसांनी छेदांतून टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके वर आले. दुसऱ्या दिवशी ते बटणाएवढे, तिसऱ्या दिवशी शिंपल्यांएवढे. चौथ्या दिवशी सकाळी तिने पोतं बाजूला केलं आणि तिथेच उभी राहिली. सहाच्या सहा पिशव्यांना घोस लटकले होते. एकावर एक पंख्यांसारखे, कडांना जराशी लाट, रंग कबुतराच्या छातीसारखा.

"अहो!" तिने हाक मारली. "इकडे या! आधी या!"

शैलेंद्र अर्धी दाढी करून धावला. पिशव्यांकडे बघत राहिला. गालावरचा फेस वाळत चालला होता.

"सहाही?"

"सहाही."

"भार्गवी, मी तर ह्या कचऱ्यात टाकल्या असत्या गं." त्याने एका घोसाखाली हात धरला, पण तोडायचं धाडस केलं नाही. "माझं नाक साफ चुकलं."

त्या दिवशी तिने कांदा, लसूण आणि काळ्या मिरीवर मशरूम परतले. शैलेंद्रने एक फोड चाखायला म्हणून घेतली आणि दोन पोळ्या संपवल्या.

तिने लगेच सोयाबीनच्या भुसाच्या आणखी सोळा पिशव्या भरल्या आणि प्राजक्ताला फोन लावला. "यंदा सहभोजनाला एक भाजी माझी. साठ जणांची."

प्राजक्ताने जपून विचारलं, "ताई, कढईजवळ कोणी सोबत लागेल का?"

"चिरायला लाग. कढई माझी."

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि कोंब अडून बसले. भार्गवीने मोरीत गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या, दाराला दुहेरी पोती लावली. सहभोजनाच्या रविवारच्या तीन दिवस आधी सगळे घोस एकदम फुटले. शनिवारी तिने आणि शैलेंद्रने टोपल्याच्या टोपल्या काढल्या.

मंडळाच्या स्वयंपाकघरात मोठी कढई तापली. बायका काही ना काही निमित्ताने आसपास रेंगाळत होत्या. भार्गवीला ते दिसत होतं. तिने तेलात कांदा टाकला आणि कान दिला. कांद्याच्या कडा बदामी झाल्या तसा लसूण, मग मशरूम. आधी पाणी सुटून खदखद झाली. प्राजक्ता पुढे झाली, "ताई, गॅस कमी करू?"

"थांब. अजून पाणी बोलतंय."

खदखद बारीक होत गेली आणि एका क्षणी चर्र असा कोरडा आवाज आला. भार्गवीने त्याच क्षणी आच उतरवली, मीठ-मिरी घातली, कोथिंबीर भुरभुरली. बुडाशी काहीही लागलं नव्हतं. प्राजक्ताने वाफ घेतली आणि डोळे मिटले. "ताई, काय सुटलाय घमघमाट!"

पहिली पंगत उठायच्या आत अर्धी कढई संपली. मंडळातले सगळ्यात वडीलधारे शरच्चंद्रकाका खाण्यात चोखंदळ, भाजीला सहसा हात न लावणारे. त्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "कोणी केलंय हे?"

"भार्गवीताईंनी!" प्राजक्ता दारातूनच मोठ्याने म्हणाली. "उगवलंही त्यांनीच, घरी!"

साऱ्या पंगतीच्या माना वळल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग हॉलभर टाळ्या झाल्या. शैलेंद्र तिकडे पाणी वाढत होता. तो तांब्या हातात घेऊन तिथेच थांबला आणि शेजारच्याला सांगू लागला, "मी म्हणत होतो फेकून दे. हिने ऐकलं नाही!"

तीन बायकांनी पिशवी भरायला शिकवण्याचं तिच्याकडून तिथेच वचन घेतलं. प्राजक्ताने पदराला हात पुसत विचारलं, "ताई, होळीच्या जेवणाचं पण बघाल ना तुम्ही? पूर्ण?"

"बघते," भार्गवी म्हणाली. तिने पदर खोचला, कढईतलं उरलेलं पातेल्यात काढलं आणि दुसरी पंगत वाढायला स्वतः बाहेर निघाली.