अर्ध्या वाक्यावर वाजलेली घंटा

मी एक जुनी टेबलघंटा आहे. गोल टोपीसारखी, डोक्यावर बटण असलेली. बटण दाबलं की 'टण्ण' करते, तीच. सध्या मी एका जिल्हा परिषदेच्या अडगळीच्या खोलीत, लोखंडी कपाटात, सुकलेल्या दौतींच्या शेजारी बसून आहे. बसून आहे म्हणते खरी, पण मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की कपाट हलतं, कपाट हललं की मी बारीकशी किणकिणते, आणि किणकिणले की मला तो दिवस आठवतो. म्हणून तुम्हाला सगळं सांगून टाकते. जिल्हा परिषद साताऱ्याची की सांगलीची, हे मात्र विचारू नका. दोन्हीकडची माणसं मानी आहेत.

माझा जन्म कुपवाडचा. तिथल्या माळावर तेव्हा लहान लहान कारखाने नुकते उभे राहत होते. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शमशेर मिस्त्रींनी मला घडवलं. पितळेची टोपी लेथवर घासून गुळगुळीत केली आणि पोटातली स्प्रिंग स्वतःच्या हातानं वळली. ती त्यांनी जरा जास्तच ताठ वळली. टेबलावर कुणी नुसती वही आपटली तरी मी थरथरायचे. "लय नाजूक कानाची झालीया ही," असं मिस्त्री म्हणाले आणि हसले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

तिथून मी थेट जिल्हा परिषदेच्या सभागृहात आले, अध्यक्षांच्या टेबलावर. तिथं काय चालतं ते तुम्हाला आधी सांगायला हवं. जिल्ह्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते, पिण्याचं पाणी हा सगळा कारभार जिल्हा परिषद बघते. लोकांनी पाठवलेले सभासद सभेत येतात आणि कारभार बघणाऱ्या साहेबांना प्रश्न विचारतात. शाळेचं छप्पर कधी होणार? दवाखान्यात डॉक्टर का नाही? प्रश्न आधी लिहून द्यायचा, सभेच्या दिवशी त्याचं छापील उत्तर मिळायचं. उत्तर पटलं नाही तर उभं राहून आणखी दोन प्रश्न विचारायचे. त्यांना उपप्रश्न म्हणतात. फक्त दोन. तिसऱ्याला तोंड उघडलं की मी वाजायचे, आणि मी वाजले की बोलणाऱ्यानं खाली बसायचं.

अध्यक्ष होते लालासाहेब. पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. माणूस सरळ, पण घड्याळाचा पक्का. एक सभासद पुलावर बोलता बोलता आपल्या आजोबांपर्यंत पोचले होते, तेव्हा लालासाहेबांनी मला असं दाबलं की ते मधल्याच पिढीत खाली बसले! सगळं सभागृह हसलं. "घंटा कडक हाय गड्या," असं लोक म्हणायचे. मी फुगून जायचे. कोण काय बोलतंय याकडे माझं लक्षच नसायचं. आपल्याला कधी दाबतात याचीच मी वाट बघायचे, अगदी उतावीळ होऊन.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरी तळाला गेल्या आणि सभेतले निम्मे प्रश्न पाण्याचे झाले.

सभासदांत एक तानुबाई होत्या. निवडून आलेल्यांत बाई एकही नव्हती, म्हणून कायद्याप्रमाणे त्यांना घेतलं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणायचे आणि कोणी काही विचारायचं नाही. दाराजवळच्या खुर्चीवर त्या वर्षभर पदर सावरून गप्प बसल्या. त्यांचा मुलगा सयाजी पलटणीत होता. घरी त्या आणि सून अंजना. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपला पहिला प्रश्न कचेरीतल्या बाळासो कारकुनाला तोंडी सांगितला.

एप्रिलच्या सभेत तो प्रश्न आला. क्रमांक अकरा. करंजोटी गावास टँकरने पाणीपुरवठा सुरू झाला आहे काय? छापील उत्तर असं होतं : होय. सात मार्चपासून रोज दोन खेपा.

तानुबाई उभ्या राहिल्या. हातातला छापील कागद त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"आवं सायब, खेपा कसल्या? आमच्या गावात टँकर आलाच न्हाई. आमी बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतोय. टँकर जातोय कुठं?"

पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "सभासदांची माहिती चुकीची आहे. खेपांच्या वहीत रोजच्या सह्या आहेत."

"कुणाच्या सह्या हायत?"

साहेबांनी वही उघडून वाचलं, "करंजोटीचे सरपंच, गुंडा ज्योतिबा माने."

मागून कोणीतरी म्हणालं, "सरपंच पाणी पितोय, आन् अक्कांना दिसंना व्हय!" सभागृहात हशा पिकला. तानुबाई मात्र एकदम पुढे सरकल्या. त्यांना काहीतरी उमगलं होतं.

"गुंडा? आवं, गुंडा तर थोर..."

टण्ण!

उपप्रश्न दोन झाले होते. लालासाहेबांनी नियमाप्रमाणे मला दाबलं आणि मी नेहमीसारखी खणखणीत वाजले. तानुबाई बसल्या. पुढचा प्रश्न एका पुलाचा होता.

पण त्या दिवशी पहिल्यांदाच बोलणाऱ्याचे शब्द माझ्या कानात राहिले. थोर काय? थोर माणूस? थोरला कोण? सभा संपली, मला खणात ठेवलं, तरी माझं तेच चाललं होतं. पुढची सभा बावीस दिवसांनी होती. त्या बावीस दिवसांत मी एवढी तळमळले, एवढी तळमळले, की खणातल्या टाचण्यासुद्धा माझ्यापासून लांब सरकल्या असतील.

पुढच्या सभेची सुरुवात झाली ती इतिवृत्तानं. मागच्या सभेत काय घडलं ते लिहून ठेवतात आणि सगळ्यांना वाचून दाखवतात, त्याला इतिवृत्त म्हणतात. बाळासो भरभर वाचत होते. "प्रश्न क्रमांक अकरा. करंजोटी येथे टँकर सुरू असल्याचे सांगण्यात आले. सदस्यांचे समाधान झाले."

हे शेवटचं वाक्य ते प्रत्येक प्रश्नाखाली लिहीत. तशी पद्धतच होती. कोणाचं समाधान झालं, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"माझं समाधान झालेलं न्हाई."

तानुबाई उभ्या होत्या. लालासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "अक्का, इतिवृत्तावर चर्चा करता येत नाही. फक्त दुरुस्ती सांगायची असते."

"दुरुस्तीच सांगतीया. तुमच्या कागदात..."

लालासाहेबांचा पंजा माझ्यावर आला. बटण खाली गेलं.

टक.

एवढाच आवाज झाला. त्यांनी पुन्हा दाबलं. टक. बटण खाली रुतलं ते वर येईना. मी मुद्दाम अडकले असं सांगायला मला फार आवडेल, पण खोटं कशाला बोलू? बावीस दिवस मी तळमळत होते एवढं खरं. त्यानं अडकले की तेलावाचून अडकले, हे मलाही ठाऊक नाही. लालासाहेब मला उलटीपालटी करून बघत राहिले आणि तेवढ्या वेळात तानुबाई बोलल्या.

"गुंडा सरपंच थोरल्या करंजोटीचा हाय. मी धाकट्या करंजोटीची. दोन गावं हायत, सायब! थोरलीच्या वढ्याला विहीर हाय, तिला पाणी हाय. आमी वर माळावर. टँकर थोरलीत रिकामा हुतोय. गुंडाचं काय चुकलं? दारात आलेलं पाणी कोण माघारी धाडंल?"

साहेबांनी यादी चाळली. "थोरली, धाकटी अशी गावंच यादीत नाहीत."

मित्रांनो, आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली तर सरकारी कागदात एकाला बुद्रुक म्हणतात आणि दुसऱ्याला खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. यादीत नुसतं बु. आणि खु. लिहितात. पण गावातल्या कोणाच्या तोंडी हे शब्द नसतात.

बाळासोंचा चेहरा उतरला. ते उठून म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब. टँकरचा अर्ज आणि हा प्रश्न दोन्ही मीच लिहिले. अक्कांनी धाकटीच सांगितलं होतं. सरकारी कागदात धाकटी कसं लिहायचं, म्हणून मी नुसतं करंजोटी लिहिलं." आणि यादीत मोठं गाव म्हणून बु. आधी लिहिलेलं होतं. टँकर तिकडं गेला.

तानुबाई अजून उभ्याच होत्या. "मागल्या आठवड्यात माझी सून, अंजना, विहिरीत उतरली. वाटीनं घागर भरली आन् वर येताना घसरली. मांडीचं हाड मोडलंय. डाक्टर म्हनत्यात, चालंल, पर लंगडंल. मी सयाजीला पत्रात काय कळवू, सांगा तुमी."

लालासाहेबांनी मला टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला होता. "अक्का, दोन गावं आहेत हे तुम्ही मागच्याच सभेत का नाही सांगितलं?"

"सांगत हुते की," तानुबाई म्हणाल्या. "तवा तुमची घंटी वाजली."

रागानं नाही म्हणाल्या त्या. विचारलं म्हणून सांगितलं. लालासाहेबांनी मला टेबलाच्या कडेला सरकवलं. मग त्यांनी इतिवृत्त मागून घेतलं आणि 'सदस्यांचे समाधान झाले' या शब्दांवर स्वतःच्या पेनानं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर धाकट्या करंजोटीला पोचला.

मला दुरुस्तीला कोणी पाठवलं नाही. माझ्या जागी विजेची घंटा आली आणि शिपायानं मला या कपाटात आणून ठेवलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. थेंबभर तेल घातलं तर मी आजही वाजेन. पण वाजावंसं वाटतं का, असं विचाराल तर मला भीती वाटते.

गोष्टीच्या शेवटी, जुन्या वस्तू फेकू नका, त्यांना जपा, असं सांगायची रीत आहे. ते तर कराच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणी वर्गाचा मॉनिटर असेल, हाताची घडी तोंडावर बोट म्हणून ओरडत असेल. उद्या कोणी सरपंच व्हाल, कोणी अध्यक्ष व्हाल, तुमच्याही टेबलावर घंटा येईल. समोरचा माणूस अडखळत बोलेल, गावच्या बोलीत बोलेल, तुम्हाला घाई असेल. त्या वेळी बटणावरचा हात जरा मागे घ्या. फार वेळ लागत नाही. हवं तर घड्याळ समोर ठेवा आणि तानुबाईंचं ते वाक्य एकदा मोठ्यानं, पुरं म्हणून बघा : "गुंडा तर थोरल्या करंजोटीचा."