स्वागत कक्ष

"साहेब फीत कापेपर्यंत एकही पोर आत सोडायचं नाही," इन्चार्ज बाईंनी बजावलं. "कार्पेट कोरं करकरीत आहे. कुणी घाण केली तर निस्तरणार कोण?"

सिस्टरने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. लसीकरणाची जुनी खोली ओळखू येत नव्हती. भिंतीवर दात काढून हसणारी गोरीगोमटी बाळं रंगवली होती, छताला फुगे लटकत होते, कोपऱ्यात गुबगुबीत सोफा होता. दारावर पाटी: 'आई, हे तुझंच घर.' घराला कुलूप आणि आया बाहेर.

बाहेर व्हरांड्यात त्या सकाळपासून लेकरं घेऊन ताटकळत होत्या. त्यांची बाकडीसुद्धा समारंभासाठी आत ओढली होती. संडास आठवडाभर तुंबलेला. त्याचं पाणी दाराखालून पाझरत व्हरांड्यात आलं होतं आणि बायका साड्या वर धरून मागे मागे सरकत होत्या. भिंती रंगवायला माणसं मिळाली होती, संडास उपसायला मिळाली नव्हती. वासाची सिस्टरला इतक्या वर्षांत सवय झाली होती, तरी आज ती तोंडाने श्वास घेत होती.

गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. मार्केटमागच्या धुलाई कारखान्यात कामाला होती. ब्लीचने बोटं पांढुरकी पडलेली, कडेवर तान्ही मुलगी.

"बाई, माझं तेवढं आटपता का? कामावरून घटकाभर सुटून आलेय. मुकादम वाट बघत असेल."

इन्चार्ज बाईंनी पदर नाकाला लावला. "आधी लांब हो. काय वास मारतेस! चार माणसांत यायचं तर अंगावर पाणी तरी घ्यावं."

"ब्लीचचा वास आहे हो तो. कामच तसलं."

"मग पुढच्या आठवड्यात ये. आज साहेब यायचेत."

"मागच्या खेपेला लस संपली म्हणालात. त्याच्या आधी उशीर झाला म्हणालात."

"तोंड वर करून बोलायचं नाही हं! गरज तुम्हाला आहे, आम्हाला नाही."

बाईने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर लशीचा डबा हातात धरून तिथेच उभी होती. तिने नजर डब्यावर वळवली. बाईने मुलीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि त्या घाण पाण्यातून चपला वाजवत ती निघून गेली.

साहेब आले. फीत कापली, टाळ्या पडल्या. "आपण एवढं करतो, तरी लोक का येत नाहीत?" साहेबांनी भाषणात विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "अज्ञान!" मग केक आला. उकाड्याने त्याचं क्रीम पाघळून ताटात पसरलं होतं. साहेबांनी दोन तुकडे हाणले आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून बोटं सोफ्याच्या कडेला पुसली. सिस्टरचं लक्ष होतं.

"फोटोला एखादं बाळ हवं," फोटोग्राफर म्हणाला.

तेही तयार होतं. इन्चार्ज बाईंच्या बहिणीचं, झालरीच्या झबल्यातलं. त्याची लस मागेच टोचून झाली होती.

"सिस्टर, नुसती रिकामी सिरिंज धरा दंडाजवळ. आणि हसा हो जरा! एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय करताय?"

सगळे हसले. सिस्टरही हसली. फ्लॅश उडाला, आणि ते हसू तिला ओठांवर चिकट काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. हाताच्या पालथ्या बाजूने तिने तोंड पुसलं.

"अजून एक घेऊ."

तिने सिरिंज टेबलावर ठेवली. "बाहेर बायका खोळंबल्यात."

"थांबतील की. जातात कुठे?"

"एक गेली," सिस्टर म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली. मागून इन्चार्ज बाईंनी दात-ओठ खात तिला हाक मारली. साहेबांसमोर त्यांना धड ओरडताही येईना.

व्हरांड्याच्या कोरड्या टोकाला सिस्टरने टेबल ओढलं आणि एकेकीला बोलावलं. बाळांची रडारड आतल्या स्पीकरच्या गाण्याला पुरून उरली. शेवटची आई उठली तेव्हा सिस्टरने डब्यातला बर्फ चाचपून पाहिला, झाकण घट्ट लावलं आणि मार्केटची वाट धरली.

कारखान्यात वाफेने समोरचं दिसत नव्हतं. लॉजवरून आलेल्या चादरींचे ढीग पडले होते. कशावर रक्त, कशावर ओकारी. त्या सगळ्यापासून लांब, धुतलेल्या टॉवेलांच्या टोपलीत मुलगी झोपली होती. तिची आई इस्त्रीच्या मशीनमध्ये चादर सरकवत होती.

"बाळाला लस द्यायला आलेय," सिस्टर मोठ्याने म्हणाली.

बाईने मान वर केली नाही. "फोटो काढायचा असेल तर जावा."

"कुणी नाही बरोबर. मी एकटीच आहे."

"मघाशी पण उभ्या होतात की. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"चुकलं माझं," सिस्टर पुटपुटली. मशीनच्या घरघरीत ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

बाईने हातातली चादर पुरती केली, घडी घातली. मग नळावर हात धुतले आणि मुलीला उचलून मांडीवर घेतलं. सुई टोचली तशी मुलीने किंकाळी फोडली. आईने ओठ आवळले, पण मुलीची मांडी हलू दिली नाही.

"रात्री अंग तापेल कदाचित. घाबरू नका, अंगावर पाजत राहा," सिस्टर म्हणाली. "आणि आता अर्धा तास तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

"अर्धा तास? मुकादम उभं करेल का मला दारात?"

बाईने मशीनकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं. मग सिस्टरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सिस्टरने कपाळावरचा घाम पुसला. बाईने रडती मुलगी तिच्या हातात दिली.

"मग ठेवा लक्ष," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सिस्टर पालथ्या बादलीवर बसली. मुकादम येऊन बघून गेला. मुलगी रडून रडून दमली आणि सिस्टरच्या दंडावर नाक घासत गप्प झाली. वाफेच्या पलीकडून, एक चादर संपून दुसरी हाती यायच्या आत, आईची नजर इकडे येत होती.